हौदाचं पाणी उतरायलंय

मालकांच्या उडीचा आवाज त्या दिवशी चुकला. मी चुलीपुढं भाकरी थापत होते, बाहेर नुकतं उजाडलं होतं, आणि मागच्या अंगणातल्या हौदावरून रोज यायचा तो आवाज आलाच नाही. रोज आधी कठड्यावर पाय घासल्याचं ऐकू यायचं, मग जरा वेळ काहीच नाही, आणि मग पाण्याचा खोल, भरल्या पोटाचा आवाज. तो ऐकला की माझी भाकरी आपोआप तव्यावर पडायची, इतकी त्याची सवय. त्या दिवशी पातळ, फाटका आवाज आला आणि त्याच्यामागून मालकांची शिवी. गळ्यात इष्टलिंग असताना तोंडातून वाकडा शब्द काढू नये असं दुकानातल्या हमालांना ऐकवणारा हा माणूस. माझ्या हातातली भाकरी मोडली. थोड्या वेळानं ते लंगडत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. ओलं धोतर, गुडघा खरचटलेला, छातीवर लिंगाची चांदीची डबी लोंबत होती. माझ्याकडं न बघता म्हणाले, "हौदाचं पानी उतरायलंय." मी हळद आणायला उठले तर म्हणाले, "हळद ऱ्हाऊ दे. उडी मारली आन् तळ लागला. काल तर बरं होतं सगळं."

मालक म्हणजे माझा नवरा. बिदरच्या आडतीत त्यांना अण्णाराव म्हणतात. मी म्हणत नाही, एवढंच. हा बंगला आम्ही घेतला तो पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर. ज्या जहागीरदारानं बांधला तो बायकामुलं घेऊन आधी हैदराबादला गेला आणि तिथून पुढं कुठं गेला ते कुणी सांगत नाही. गावाबाहेर, जिथं तांबडं पठार उताराला लागतं तिथं घर, आणि घरामागं हा पोहण्याचा हौद. एका अंगाला पायऱ्या आणि उथळ पाणी, दुसऱ्या अंगाला पुरुषभर खोल. चुन्याचा गच्च घोटलेला गिलावा, हात फिरवला तर कुठं अडत नाही. असला हौद घरात कशाला, असं मी पहिल्या दिवशी म्हणाले होते. पण मालक मेहकरचे. लहानपणी तिथल्या विहिरीत पडून पोहायला शिकलेले, आणि पुढं आडत, तूर, करडई, तराजू यातच त्यांचं सगळं वय गेलं. या हौदात पहिल्यांदा पोहले तेव्हा मी ओसरीत तांदूळ निवडत होते आणि मला कुणीतरी परका माणूस हसतोय असं वाटलं. मी उठून बघितलं. ते एकटेच पाण्यात उताणे पडून हसत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन पोरी सासरी गेल्या, आणि या माणसाला असं हसता येतं हे मला तेव्हा कळलं. मला ते हसू फार आवडलं. पाण्यातून बाहेर आले की ते पुन्हा आडतीचे व्हायचे. म्हणून मला वाटायचं, राहू देत जरा वेळ पाण्यात. तर आता ते पाणीच चाललं होतं. कुठं चाललं होतं, हे कुणालाच दिसत नव्हतं.

सासूबाईंना मात्र लगेच दिसलं. त्यांचं नाव सिद्धव्वा, आणि नावासारख्याच ताठ. कपाळावर विभूती लावून त्या पडवीत बसलेल्या, त्यांनी मालकांचा गुडघा बघितला आणि मानेनं कोपऱ्यातल्या खोलीकडं दाखवलं. "तिच्या भोपळ्याचा येल बघ अण्णा. शिमग्याच्या उन्हात कुणाचा येल असा हिरवा ऱ्हातो? आपला दोडका वाळून गेला. तिच्या दारात वल हाय, पाय ठिव म्हंजी कळंल." मालक गेले, उभ्या उभ्या पाय ठेवला आणि परत आले. दारात खरंच ओल होती. हौदाच्या तळाला एक मोरी होती, दगडाच्या गुडदीला चिंध्या गुंडाळून बंद केलेली, आणि ती उताराच्या बाजूनं त्या खोलीवरूनच जायची. "मोरी ढिली करून पानी घ्यायलीय," सासूबाई म्हणाल्या. मालकांनी मला सांगितलं, "तिला म्हणावं पाडव्याच्या आत खोली मोकळी कर." मी म्हणाले, "आवं, तुमी शब्द दिलेला हाय." तर म्हणाले, "शब्द चोराला दिलेला न्हवता."

ती म्हणजे मदारबी. ती घराबरोबर आली, असंच म्हणायला पाहिजे. तिचा नवरा जहागीरदाराचा कोचवान. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या महिन्यात तो आणि त्यांचा एकुलता एक पोरगा बाजाराला म्हणून गेले ते आले नाहीत. तसे तेव्हा पुष्कळ गेले. कुणी कुणाला विचारायचं. घराचा व्यवहार झाला त्या दिवशी जहागीरदाराच्या बेगमनं मला आतल्या खोलीत नेऊन माझा हात धरला आणि म्हणाली, इसका कोई नै है, इसकू निकालो नक्को. बाहेर मालकांनीही जहागीरदाराला तसाच शब्द दिला. पण सासूबाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा थोरला, माझा दीर लिंगराज, त्याला त्याच्या आदल्या वर्षी रझाकारांनी राजेश्वरच्या वाटेवर गाडीतून उतरवून मारलं. राजेश्वर माझं माहेर. भाऊजी माझ्याच माहेरी निरोप घेऊन चालले होते, हे सासूबाई कधी बोलल्या नाहीत, पण मी विसरले असं एक दिवस झालं नाही. तर एकाच अंगणात या दोघी. सासूबाई तिला बोलवायची वेळ आली तर अगं म्हणायच्या, मी अहो म्हणायचे, आणि मालक तिच्याशी बोलायचेच नाहीत. तिला काही सांगायचं असलं की मी. पाऊस गळतोय का विचार, शेळी बांधायला सांग, आणि आता खोली मोकळी कर म्हणून सांग. घरातली सगळी कडू कामं बाईमाणसाच्या वाट्याला येतात आणि पुरुष मोकळे होतात, ते आमच्याकडंही तसंच.

मी गेले तेव्हा मदारबी दारात बसून रजईला टाके घालत होती. मी सांगितलं. मला वाटलं ती रडेल, देवाची आण घेईल, नाहीतर माझ्यावर ओरडेल. मी त्या सगळ्याची तयारी करून गेले होते. तिनं सुई रजईत खोचून ठेवली, माझ्याकडं बघितलं, आणि "जी" म्हणाली. बस. परत सुई काढून टाके घालायला लागली. मी तिथं उभी राहिले, मग आले. आणि खरं सांगते, त्या एका 'जी'मुळं मलाही तिचा संशय आला. माणसानं चोरी केली नसेल तर तो भांडतो. मी असते तर सगळी आळी गोळा केली असती. ही का भांडली नाही? दुपारभर मी ज्वारी पाखडत तेच घोळवत बसले आणि सुपात काय राहिलं, काय उडालं, तिकडं माझं लक्ष नव्हतं. एकीकडं बेगमचा हात आठवायचा, गार आणि अंगठ्यांनी भरलेला, आणि दुसरीकडं तो हिरवा वेल. वेल खोटं कशाला बोलेल, असं वाटायचं. आणि मग वाटायचं, मी विहिरीवर वाढलेली पोर. पाणी कसं जातं हे मला बघता येऊ नये? आडतीत पोतं हलकं निघालं तर आधी पोतं तपासतात, मग हमालाला धरतात. इथं उलटं चाललंय. ती निघून गेली आणि मागाहून काही वेगळंच निघालं, तर? तिला कुठून बोलावून आणणार? मी सूप बाजूला ठेवून उठलेच.

पहिला संशय उन्हाचा. ऊन पाणी पितं, हे पोराटोरांना ठाऊक. मी पितळेचं मोठं घंगाळ काठोकाठ भरून हौदाच्या वरच्या पायरीवर ठेवलं, म्हणजे दोघांनाही ऊन सारखंच, वारा सारखाच. आणि हौदाच्या भिंतीला जिथं पाणी टेकलं होतं तिथं कोळशानं रेघ मारली. सासूबाईंनी विचारलं, "काय करायलीस गं?" "घंगाळाला चिंच लावून ठिवलीय," मी म्हणाले. माझी सगळी अक्कल खोटं बोलण्यात जायला लागली होती. सकाळी बघितलं तर घंगाळ जवळजवळ तसंच, कडेला नखभर कमी. आणि हौदातली माझी कोळशाची रेघ पाण्याच्या चांगली चार बोटं वर. म्हणजे ऊन नव्हे. पाणी वर जात नव्हतं, खालीच जात होतं. हे कळून मला बरं वाटायला पाहिजे होतं, तर उलट जीव आणखी खाली गेला. कारण खाली जाणाऱ्या पाण्याला वाट लागते आणि घरच्यांच्या डोळ्यापुढं वाट एकच होती, मोरी. मालकांनी त्याच दिवशी हौदात पाणी सोडणारं विहिरीवरचं इंजन बंद करायला लावलं. चोराला पाजायला मी तेल जाळणार न्हाई, म्हणाले. पोहणं बंद झालं. सकाळी ते आता न्हाणीघरात दोन तांबे घेऊन अंघोळ करायचे, पूजेला बसायचे, आणि भाकरी वाढली की मिरचीवरून, मिठावरून काहीतरी काढायचे. मी ऐकून घ्यायचे. हा माणूस भांडत माझ्याशी नव्हता, हे मला कळत होतं, पण मीठ तर मीच घातलेलं असायचं.

पाणी उतरत गेलं. पायऱ्या उघड्या पडल्या, उथळ बाजूचा तळ उघडा पडला, आणि शेवटी खोल कोपऱ्यात, माणसाच्या कमरेला लागेल एवढं पाणी राहिलं. तिथं ते थांबलं. मी रोज रेघ मारत होते. एक दिवस रेघ आणि पाणी एकाच ठिकाणी दिसलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी सासूबाईंना धावत जाऊन सांगितलं, की बघा, मोरी उघडी असती तर सगळंच गेलं असतं, मोरी तर पार तळाला आहे. त्या म्हणाल्या, "भ्याली असंल. चोरी उघडी पडली, आता कशाला घेईल?" मी म्हणाले, "भ्याली असती तर सांगितलं त्या दिवशीच थांबली असती. त्याच्यानंतर किती उतरलं पानी." तर म्हणाल्या, "तू तिचं वकीलपत्र घेतलंस का?" आणि त्यात त्या भोपळ्याच्या वेलानं घात केला. पाणी थांबलं तसा तो माना टाकायला लागला. पानं कडेनं पिवळी पडली. सासूबाईंनी मालकांना हाताला धरून नेऊन दाखवला. चोरी थांबली, येल वाळला, आता आणखी काय पाहिजे. माझ्या बाजूची जी म्हणून गोष्ट सापडायची ती उलटी फिरून तिच्याच अंगावर जायची. आणि ती आपली रजई शिवत बसलेली. मला तिचा राग यायचा. बाई, काहीतरी बोल, नाही म्हण, निदान माझ्यासाठी तरी म्हण.

पाडवा जवळ आला तेव्हा मी हौदात उतरले. त्याच्याआधी मी कधी उतरले नव्हते. पाणी होतं तेव्हा तो पुरुषाचा होता आणि आता नव्हतं तर कुणाचाच नव्हता. मालक आडतीवर, सासूबाई जेवून आडव्या झालेल्या. मी लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि पायऱ्या उतरून गेले. खाली वेगळंच वाटतं. वरचं घर, चूल, सासूबाईंचं घोरणं, सगळं दूर जातं आणि आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला भिंतींतून परत ऐकू येतो. भिंती तापलेल्या होत्या. मी हात लावून लावून पुढं गेले, आणि हाताला ते लागलं. डोळ्याला नुसती पांढरी भिंत दिसत होती, पण बोटाला भेगा लागत होत्या. बारीक, केसासारख्या, आडव्या उभ्या, थंडीत माझ्या टाचा उलतात तशा. काही ठिकाणी नख आत जात होतं. एका जागी मी हलकेच ठोकलं तर भिंत पोकळ वाजली आणि पापुद्रा सुटून हातात आला. त्याच्यामागं तांबडा जांभा दगड, भोकाभोकांचा, आणि हा आमच्याकडचा दगड कसा पाणी गिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. मग मी कमरेपर्यंत पाण्यात गेले, गारेगार, आणि पाण्याखालची भिंत चाचपली. तिथं एकही भेग नव्हती. शेवाळानं निसरडी, पण पहिल्या दिवशी होती तशीच एकसारखी. पाण्याच्या रेघेच्या वर सगळं उललेलं आणि रेघेच्या खाली सगळं धड. म्हणजे पाणी जिथवर धड भिंत होती तिथवर उतरलं आणि थांबलं. मोरी नाही, वेल नाही, कुणी नाही. पाण्यानं तेवढं केलं, जे कुठलंही पाणी करतं. उताराला निघून गेलं आणि जाताना त्या बाईच्या दारातून गेलं.

पण भिंत वरच का उलली आणि खाली का नाही, हे कळेपर्यंत मला वर जायचं नव्हतं. लुगडं भिजलं होतं, पाय गारठले होते, आणि मी तशीच उभी होते. मला आमचे अप्पा आठवले. उन्हाळा लागला की अप्पा गाडीची चाकं काढून राजेश्वरच्या ओढ्यात डोहात टाकून ठेवायचे. गाडी लागायची तेव्हा काढायची, काम झालं की परत पाण्यात. मी लहानपणी विचारलं, कामून, तर म्हणाले, "वलं ऱ्हायलं तर लाकूड भरलेलं ऱ्हातं पोरी, वाळलं की आकसतं आन् वरची लोखंडी धाव निसटते. मोटेचं कातडं बी तसंच." वाळलं की आकसतं. हौद कधी वाळला होता? आणि मग ते मला एकदम आठवलं. मागचा उन्हाळा. आम्ही आल्यावरचा पहिला चैत्र. गावात कुजबूज होती की पोलीस ॲक्शनच्या दिवसांत हौदात माणसं मारून टाकली होती. कुणी बघितलं नव्हतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. सासूबाई म्हणाल्या, मुडद्यांचं पानी माज्या घरात नको, जहागीरदाराच्या माणसांनी हातपाय धुतलेलं बी नको. सगळं उपसलं. गडी लावून भिंती राखेनं घासल्या, गोमूत्र शिंपलं. तळाचा सगळा गाळ ओढून खोल कोपऱ्यात ढीग लावला. तो बाहेर बागेत टाकायला सासूबाई तयार नव्हत्या, मठाचे स्वामी आल्यावर त्यांना विचारून काय ते करू म्हणाल्या.

आणि स्वामी येईनात. आम्हा लिंगायतांत गुरूच्या पायांवरून ओघळलेलं पाणी, पादोदक, ते पहिलं पडल्याशिवाय नव्या विहिरीत, नव्या रांजणात दुसरं पाणी घालत नाहीत. आणि धुवून काढलेला हौद म्हणजे आमच्या लेखी नवाच. मठाच्या स्वामींनी चैत्रातली तिथ दिली होती. ते काशीला गेले आणि तिकडं आजारी पडले. मग वैशाखातली तिथ. मग आणखी पुढची. तोवर हौदात घागरभर पाणी ओतायची कुणाची छाती? मालक कठड्यावर येऊन आत बघून जायचे, पण तेही एका शब्दानं बोलले नाहीत. मीही बोलले नाही, मला तर त्यात काही वावगंच दिसलं नव्हतं. अख्खा उन्हाळा हौद आभाळाकडं तोंड करून तापत पडला. बिदरच्या उन्हात. ओला राहिला तो फक्त कोपऱ्यातला गाळ, त्याच्याखालचा तळ आणि त्याला टेकलेली भिंत. मृग लागायच्या तोंडावर स्वामी आले, पाद्यपूजा झाली, सासूबाईंनी डोळ्यांतून पाणी काढत तांब्याभर पादोदक पायरीवर ओतलं. ते पहिल्याच पायरीवर जिरून गेलं, दुसरीपर्यंत पोचलं नाही. ते मी बघितलं होतं. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांना ते शुभ वाटलं. मग गाळ काढला, इंजन लावलं, पाऊस लागला. पावसाळाभर खालून जात होतं आणि वरून पडत होतं, पुढं इंजन रोज चालू, कुणाला कळणार. शिमग्याला विहीर खाली गेली, इंजन पुरेनासं झालं, तेव्हा कुठं दिसलं.

मालक संध्याकाळी आले तेव्हा मी त्यांना चहासुद्धा दिला नाही. "आधी चला," मी म्हणाले आणि हाताला धरून हौदात उतरवलं. चारचौघांत मी त्यांचा हात कधी धरला नव्हता, आणि इथं चारचौघं नव्हते म्हणून धरला. त्यांचं बोट घेऊन भेगेवरून फिरवलं, मग पाण्याखाली फिरवलं. गाळाचा ढीग कुठवर होता ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं आठवत होतं. त्यांनीच दाखवलं, इथवर. मग त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. म्हणाले, "मंग ती न्हाई."

"न्हाई."

"आपुनच वाळवला म्हणायचं."

"व्हय."

"उद्या गवंडी बोलावतो." पायरी चढताना थांबले आणि मागं न बघता म्हणाले, "तिला सांग, ऱ्हा म्हणावं. कायमची ऱ्हा म्हणावं." मी म्हणाले, "तुमी सांगा. चोर तुमी म्हणलात." तर म्हणाले, "बायाबायांत बोललेलं बरं असतंय. मला न्हाई जमायचं." आणि त्यांना खरंच जमलं नसतं, ते माझ्या ध्यानात आलं, त्यांचा चेहरा आडतीवर वजन चुकल्यावर पडतो तसा पडला होता. माझा राग होता तिथंच राहिला आणि त्याच्या शेजारी त्यांची कीवही आली. सासूबाईंना मी सांगितलं ते घाबरत घाबरत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी पादोदकानं उलला म्हणतीस?" मी म्हणाले, "पादोदकानं न्हाई आत्याबाई. वाट बघण्यानं." त्या विभूतीच्या गोळ्याकडं बघत बसल्या. मला वाटलं आता माझी काही धडगत नाही. पण त्या म्हणाल्या, "बरं. न्हाई चोरली तर न्हाई चोरली. ऱ्हाऊ दे तिला. माजं काय." एवढं बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते मी जाणते, आणि मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. मला मदारबीकडं जायची घाई झाली होती. अंगणातून जाताना मी मनात वाक्यं जुळवत होते आणि, सांगायला लाज वाटते, मी खुशीत होते. मी शोधून काढलं होतं. आता ती माझे हात धरेल, असं मला दिसत होतं.

मदारबीनं गाठोडं बांधलं होतं. हुमनाबादला तिची भाची असते. शेळी कुणाला तरी देऊन टाकलेली, चुलीतली राख काढून जागा सारवलेली. मी दारातूनच सांगितलं, "मदारबी, तुमी कुठं जायचं न्हाई. पानी तुमी घेतलं न्हाई, कळालं. भिंत उललीय. उन्हाळाभर वाळवला म्हणून उलली."

ती म्हणाली, "मेरेकू मालूम था अक्का."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय मालूम होतं?"

"ये हौज कू पूरा कब्बी सुखाते नै थे. साफ करते तो बी थोडा पानी रखतेच थे. भितीयां पे बी पानी मारते रहते थे. सुखा तो फटता बोलके."

"मंग तवाच का न्हाई बोललात? आमी उपसत होतो तवा?" माझा आवाज चढला.

तिनं गाठोड्याची गाठ उगाच परत घट्ट केली. "कैसे बोलती अक्का? तुमे हमारा पानी निकाल के फेंकरै थे. मैं नक्को निकालो बोलती तो तुमारी सास क्या समझती?"  ती म्हणाली, "लोगां बोले हौज में डाले. मैं बी सुनी. मैं तो खुद बांबू डाल डाल के देखी, मेरे आदमी कू, बच्चे कू. पूरा हौज देखी. कोई नै था. साफ पानी था अक्का."

मी उंबऱ्यावर बसले. मग मी म्हणाले की झालं ते झालं, मालकांनी कायमचं राहा म्हणून सांगितलंय, सासूबाईसुद्धा हो म्हणाल्या. तिनं मान हलवली, त्यांचं भलं होवो अशी. आणि म्हणाली, "इस बखत दरार मिली. अगले बखत नै मिली तो?"

"मी हाय की," मी म्हणाले.

ती हसली. वाईट नाही हसली, पोरीकडं बघून हसावं तशी. "तुमे हैं, इसके वास्तेच तो बोलके जारी. नै तो चुपकेच निकल जाती."

फाटकापर्यंत गाठोडं मी घेतलं. तिनं घेऊ दिलं. टांगा ठरवला होता तो आला, ती बसली, आणि मी परत आले तेव्हा सासूबाई पडवीत वाट बघत बसल्या होत्या. "सांगितलीस का?" त्यांनी विचारलं. "सांगितलं." "मंग?" "गेली ती," मी म्हणाले. सासूबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. "आगं, तिनं पानी चोरलं न्हाई म्हणून कळालं न्हवं? आता ऱ्हा म्हणलं न्हवं? मंग गेली कामून?" त्या खरंच विचारत होत्या. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, टोमणा नव्हता. म्हाताऱ्या बाईला खरंच कळत नव्हतं आणि माझ्याकडून कळून घ्यायचं होतं. मी त्यांच्याजवळ बसले आणि मला रडू कोसळलं, पोरीसारखं, आवाज करून. सासूबाई घाबरल्या. त्यांनी माझी पाठ थोपटली, पदरानं माझं तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "उगी, उगी. रडतीस कशाला? उद्या गवंडी यायलाय की. भरंल हौद."